पावणेसहाचा मेसेज

मी कॉम्प्युटर शिकले ते माणसांशी कमी बोलावं लागेल म्हणून. वर्ध्यात इंग्रजी शाळेत गेले, पुढे कॉम्प्युटरची पदवी घेतली, आणि एखाद्या कोपऱ्यात स्क्रीनकडे तोंड करून आयुष्य काढता येईल अशी माझी समजूत होती. काम मिळालं ते नेमकं उलटं. एका संस्थेनं खेड्यांतल्या मोठ्या माणसांसाठी कॉम्प्युटर आणि इंटरनेटचे वर्ग सुरू केले, त्यात मी शिकवायला लागले. दिवसभर बोलायचं, आणि तेही सतरंजीवर बसलेल्या, माझ्या आईच्या वयाच्या बायकांकडे बघून.

माझं घर सिंदी मेघेला. तिथून स्कूटीनं हिंगणी, आणि हिंगणीच्या पुढे जंगलाला लागून असलेलं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते तिथेच राहतात. त्यांची नावंही मी बदलली आहेत.

वर्ग समाजमंदिरात दुपारी भरायचा. तीन जुने लॅपटॉप, एक फळा, आणि ज्याचे त्याचे मोबाईल. पहिल्या दिवशी मी पाठ करून गेले होते. ‘आपण सर्वांनी उजव्या बाजूचे बटण हळुवार दाबावे,’ असं काहीतरी म्हटलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “हे पोरगी तं रेडिओवानी बोलते वं.” सगळ्या हसल्या. मीही हसले असं दाखवलं. त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नव्हतं आणि माझं निम्मं त्यांना. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण माझी मराठी शाळेबाहेर वाढलेली, थोडी पुस्तकी, थोडी टीव्हीवरची. महिनाभर मी कमी बोलले आणि जास्त बघितलं. आता वाटतं, तेच बरं झालं.

बाहेरच्या माणसाला वाटतं आम्ही बटणं शिकवतो. बटणं आठवडाभरात येतात. सुरुवातीला बायका मोबाईलच्या काचेवर कणीक दाबावी तसं बोट दाबत, मग पदरानं काच पुसत, मग पुन्हा दाबत. ते लवकर सुटतं. सुटत नाही ती माणसाची रीत. आयुष्यभर ज्या शहाणपणानं घर चालवलं, तेच शहाणपण माणूस मशीनला लावतो, आणि मशीनला ते माहीत नसतं.

देवरावजींचं सांगते. ते शाळेत शिपाई होते, निवृत्त झालेले. बायकांच्या वर्गात बसणारे एकटे पुरुष, त्यामुळे कायम दाराशी खुर्ची टाकून बसत. पुण्याच्या मुलीशी व्हिडिओ कॉल करायला ते शिकले, पण कॉल संपवायचं लाल बटण दाबायला तयार होईनात. म्हणाले, “आपून कसं कापावं मॅडम? तिले कापू द्या.” तिकडे मुलगी वडिलांचा मान म्हणून कापत नसे. दोघंही एकमेकांना ‘ठेव’, ‘तुम्ही ठेवा’ म्हणत, आणि मोबाईल तसाच चालू देवरावजींच्या खिशात जाई. एकदा घरात जावयाबद्दल जे बोलणं झालं ते मुलीनं तिकडे अक्षरन् अक्षर ऐकलं. बरेच दिवस अबोला होता. कॉल कापणं म्हणजे अपमान नव्हे, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमचं बरोबर हाये. पण मी नाई कापत.”

अशा गोष्टी आम्ही संस्थेच्या बैठकीत एकमेकांना सांगून हसत असू. पुढची गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही.

वर्गातल्या सगळ्या बायका आपल्या मोबाईलचं नेट बंद ठेवत. ते मी शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजच नव्हती. पाणी भरून झालं की नळ बंद करायचा, खोलीतून निघताना दिवा बंद करायचा, तसं मेसेज बघून झाले की नेट बंद. कोणाचं चालू राहिलं तर शेजारची म्हणे, “बंद कर ना वं, उगाच जळून राह्यलं.” दिवसातून दोन-तीनदा नेट चालू करायचं, मधल्या वेळात आलेले सगळे मेसेज एकदम टणटण करत पडायचे. त्यांच्या लेखी मेसेज येण्याची वेळ म्हणजे आपण नेट चालू करतो ती वेळ.

पंचफुलाबाई त्यांच्यातली सगळ्यात हुशार. पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला कामाला. शाळा सहावीपर्यंत, पण वाचायची हौस दांडगी. वाचताना मोठ्यानं वाचे, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. तिची धाकटी जाऊ वच्छलाबाई भिंतीला भिंत लागून राहायची. वच्छलाबाई वर्गात कधी आली नाही. ती नुसती समाजमंदिराच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि टोमणा मारायची. “शिकून कलेक्टर होतं का वं बाई?” पंचफुलाबाई मान वर न करता म्हणे, “होईन. पह्यले तुह्यंच घर हटवतो.” मग दोघी मिळून घरी जात.

जंगल गावाच्या इतकं जवळ आहे, की मोहाची फुलं वेचायला बायकांना लांब जावं लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह पडायला लागला, की उजाडताना निघायचं आणि ऊन चढायच्या आत टोपल्या भरून परत यायचं. वाघाची भीती नेहमीची. तिथला वनरक्षक तरुण मुलगा होता; गाव त्याला गार्ड म्हणे. त्यानं त्या वर्षी मोबाईलवर एक ग्रुप केला. प्रत्येक गल्लीतून एक नंबर घेतला. पाऊलखुणा दिसल्या किंवा कुठे जनावर मारलेलं दिसलं, की तो ग्रुपवर टाके: आज अमक्या बाजूला कोणी जाऊ नये. पंचफुलाबाईच्या गल्लीतून तिचा नंबर होता, कारण गल्लीत मेसेज वाचू शकणारी बाई तीच.

हे मी शिकवलेल्या विद्येचं पहिलं खरं काम होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता हे कबूल करते. पहाटे बायका टोपल्या घेऊन पंचफुलाबाईच्या ओट्यापाशी जमत. ती नेट चालू करी, बोट ठेवून मोठ्यानं वाचे, आणि ‘जा’ किंवा ‘तिकडे नोका जाऊ’ असं सांगून नेट बंद करी. एकदा तिनं धरणाच्या बाजूला जाऊ नका म्हणून सांगितलं, आणि दुपारी त्याच बाजूला गावातली एक गाय मारलेली सापडली. त्यानंतर तिच्या शब्दाबाहेर कोणी गेलं नाही. वर्गात बायका तिला जागा करून देऊ लागल्या.

वच्छलाबाई गेली तो दिवस वर्गाचा नव्हता. मला फोन देवरावजींनी केला. नाल्याकडच्या मोहाखाली वाकून वेचत असताना वाघिणीनं धरलं, सोबतच्या बायकांनी आरडाओरडा केला, पण काही उपयोग झाला नाही. एवढंच त्यांनी सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. बराच वेळ पलीकडे गावाचा आवाज येत राहिला.

दोन दिवसांनी मी गेले तेव्हा गल्लीत आणखी एक गोष्ट झालेली होती. वच्छलाबाईचा मुलगा संदीप कंपनीत कामाला जातो. बातमी कळून तो दुपारी परत आला, आणि गार्डचा नंबर हवा म्हणून त्यानं पंचफुलाबाईचा मोबाईल हातात घेतला. नेट चालू केल्याबरोबर ग्रुपवरचा मेसेज पुढे आला. ‘नाल्याकडच्या मोहाकडे आज कोणीही जाऊ नये. वाघीण आहे.’ शेजारी वेळ होती पहाटे पावणेसहाची. संदीपची आई त्याच्याबरोबरच घरातून निघाली होती. कंपनीची बस गावाबाहेरच्या वळणावर सहाला येते. तिथपर्यंत ती त्याला सोडायला आली आणि तिथून जंगलाकडे वळली.

त्यानं त्या मेसेजचा फोटो काढून घेतला आणि गल्लीत सगळ्यांना दाखवला. त्याचं म्हणणं, मेसेज मोबाईलमध्ये पावणेसहापासून आहे, मोठी मायनं, म्हणजे पंचफुलाबाईनं, वाचला नाही किंवा वाचून सांगितला नाही, दोन्हींपैकी एक. लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी वेळ पाहिली. मग जुनं निघालं. दोघी जावांमध्ये अंगणाच्या भिंतीवरून पूर्वी कुरबूर झाली होती, ती निघाली. पोरीनं शिकवलं म्हणून हिला शिंगं फुटली, असंही कोणी म्हणालं. ज्या बायका तिच्या ओट्यापाशी जमत त्या आता दुसऱ्या गल्लीनं पाण्याला जात होत्या. संदीपनं निरोप पाठवला, की आईच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला मोठी मायनं आमच्या अंगणात पाय ठेवू नये.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. रडलेली होती, पण मान ताठ होती. मला म्हणाली, “मी वाचलं तवा हा मेसेज नवताच. माह्या डोयानं पाह्यलं. असता तं मी वच्छलाले जाऊ देल्लं असतं का मॅडम?”

मग मोबाईल माझ्या हातात दिला. “तुमीच पाहा. माह्यावर तं कोणी भरोसा करून नाई राह्यलं.”

मी मेसेज पाहिला, आणि काय झालं असेल ते मला कळलं. मेसेजच्या शेजारी दिसते ती वेळ तो पाठवल्याची. मोबाईलचं नेट बंद असेल तर तो वाटेत थांबून राहतो, आणि नेट चालू झालं की येऊन पडतो, पण वेळ मात्र जुनीच घेऊन येतो. ती बरोबर बोलत होती. तिनं वाचलं, नेट बंद केलं, आणि त्यानंतर गार्डनं मेसेज पाठवला. संदीपचीही चूक म्हणता येत नव्हती. त्याच्या मोबाईलचं नेट कधीच बंद नसतं. त्याच्याकडे मेसेज निघतो आणि पोहोचतो तो एकाच मिनिटाला. दोघांनी एकच काच पाहिली होती आणि दोघांना ती वेगवेगळी दिसली होती.

मला एक प्रकारचा आनंद झाला. बिघडलेलं मशीन कुठे बिघडलं ते सापडलं की होतो तसा. पुरावाही होता. पाठवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये तो मेसेज दाबून धरला, की ग्रुपमधल्या कोणाला तो कधी पोहोचला ते दिसतं. म्हणजे सगळं गार्डच्या मोबाईलमध्ये होतं.

गार्ड हिंगणीत खोली घेऊन राहत होता. मी अनोळखी माणसाच्या दाराशी एकटी कधी गेले नव्हते. तो दाढी वाढलेला, जागरण झालेला दिसला. मी काय विचारते आहे ते त्याला आधी कळेना. मग मी सांगितलं तसं त्यानं मेसेज दाबून धरला आणि आम्ही दोघांनी बघितलं. पावणेसहाला पाठवलेला मेसेज पंचफुलाबाईच्या मोबाईलला दुपारी पोहोचला होता. इतर गल्ल्यांच्या बहुतेक मोबाईलचंही तसंच होतं. कोणाला दहाला, कोणाला संध्याकाळी. गार्डनं बोटानं सरकवत एकेक वेळ वाचली. मग म्हणाला, “पाऊलखुणा दिसल्या तशी मी गाडी थांबवली, तिथूनच मेसेज टाकला. टाकल्यावर वाटलं, चला, गावाले सांगून झालं.”

तो माझ्याबरोबर यायला लगेच तयार झाला. मी तशी अपेक्षा केली नव्हती.

संदीपच्या अंगणात चार-पाच माणसं बसली होती. मला चार माणसांत बोलताना आवाज फुटत नाही, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे. त्या दिवशी फुटला. मी वर्गात सांगते तसं सांगितलं. संदीपच्या मोबाईलचं नेट बंद करायला लावलं, माझ्या मोबाईलवरून त्याला मेसेज पाठवला, आणि थोडं थांबून त्याला नेट चालू करायला सांगितलं. मेसेज आत्ता आला आणि वेळ आधीची दाखवत होता. मग गार्डनं स्वतःचा मोबाईल त्याच्या हातात दिला.

संदीप हुशार मुलगा आहे. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मोबाईल हातात धरून तो खाली बसला.

“म्हंजे मोठी मायनं लपवलं नाई,” तो म्हणाला.

“नाही. त्यांच्याकडे तो मेसेज आलेलाच नव्हता.”

बसलेल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, हे पोरीनं बरं केलं, नाहीतर उगाच एका बाईच्या माथी गेलं असतं. दोघांनी मान हलवली. मला वाटलं, काम झालं.

दोन घरांमधली भिंत छातीइतकीच उंच आहे. पंचफुलाबाई पलीकडे उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं, आणि संदीपच्या मोबाईलवर मी जे करून दाखवलं तेही पाहिलं होतं. तिनं मला हाक मारली.

“मॅडम, एक इचारू का?”

“विचारा ना.”

“नेट मी चालूच ठेवलं असतं, तं मले तवाच आला असता?”

तिथे रेंज कधी असते, कधी नसते, असं म्हणता आलं असतं. गार्डनं माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्यालाही तेच सुचवायचं होतं. पण ती वर्गात प्रश्न विचारायची तशी विचारत होती, भिंतीवर दोन्ही हात ठेवून, उत्तर नीट कळावं म्हणून. मी म्हणाले, “हो. तेव्हाच आला असता.”

“तवा वच्छला घरातच होती.”

हे तिनं विचारलं नव्हतं. पण संदीपच्या तोंडून निघून गेलं, “होती. माह्या डब्याले झाकण लावून राह्यलती.”

पंचफुलाबाईनं मान हलवली आणि भिंतीपासून बाजूला झाली.

वर्ग पुढे महिन्याभरानं पुन्हा सुरू झाला. गार्डनं आता गावात सायरन लावून घेतला आहे, आणि पहाटे तो स्वतः मोटरसायकलवरून गल्लीगल्लीत हाक देत जातो. ग्रुपही आहे. बायका नेट अजून बंदच ठेवतात. मी नव्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मेसेज निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ शिकवते. कोणी विचारलं तर कारण सांगत नाही. पंचफुलाबाई वर्गात येत नाही. मी कधी तिच्या घरी जाते, चहा घेते. ती मोबाईलचं काही विचारत नाही.

त्याआधी, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मला संदीपनं मुद्दाम बोलावलं होतं. अंगणात मांडव घातला होता, टेबलावर वच्छलाबाईचा फोटो आणि मेणबत्त्या होत्या. फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यामुळे ती रागावल्यासारखी दिसत होती. माणसं जमली. ज्या बायकांनी वाट बदलली होती त्यांच्यातल्या दोघी पंचफुलाबाईला बोलवायला जाऊन आल्या. तिनं त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. भंतेजी आले तेव्हा संदीप स्वतः उठला, आणि मला म्हणाला, मॅडम, तुम्ही चला, तुमचं ऐकते ती.

ती पांढरं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. म्हणजे सकाळी तयारी केली होती. संदीप तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मोठी माय, चाल. तुह्याबिगर कार्यक्रम नाई होत.”

“होते बापू. कर तू.”

“कोणी काही म्हनत नाई तुले. मी सगळ्यायले सांगतलं.”

“मालूम हाये मले.”

“माह्यी चूक झाली ना वं. मी तुह्यावर उगाच आळ घेतला. मॅडमनं दाखवलं ना मले.”

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोटच्या मुलाच्या फिरवावा तसा केसांतून फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“बापू,” ती म्हणाली, “मॅडमनं मलेबी दाखवलं.”

पलीकडे कोणीतरी संदीपला हाक मारत होतं. तो उठला आणि एकटाच गेला.